घर क्रमांक एक्केचाळीस

सोलापुरात फेब्रुवारीतच पारा चाळिशी गाठू लागला, दुपारी अकरा ते पाच बाजार आणि शाळा बंद ठेवायचा नियम झाला आणि अंगणातल्या बागा एकेक करून वाळून गेल्या. तेव्हापासून लोक घरात झाडं लावू लागले. जुळे सोलापुरात राहणाऱ्या वैजयंती बिराजदारचं काम त्यामुळेच उभं राहिलं. तिचं दुकान नव्हतं. ती लोकांच्या घरी जायची, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते बघायची, एसीचा झोत कुठवर पोचतो ते हात पुढे धरून अजमावायची, घरात झाडाकडे बघायला वेळ कुणाला आहे ते विचारायची आणि मग इथे काय जगेल ते सांगायची.

तिचं सांगणं साधं असे. ही झाडं पावसाळी जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली. त्यांना उजेड हवा, ऊन नको. हवा दमट हवी, पण मुळं पाण्यात बुडायला नकोत. म्हणून माती कमी, नारळाचा काथ्या आणि सालीचे तुकडे जास्त. कुंडीखाली खड्यांची ताटली आणि ताटलीत पाणी, म्हणजे वाफ वर जाते आणि पानं करपत नाहीत. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. एवढं सांगूनही लोक रोज पाणी घालत आणि झाडं कुजत. मग तिला परत बोलावत. प्रत्येक झाडाचं ती वहीत एक पान ठेवी. नवं पान कधी उलगडलं, डाग कधी आले, पाणी कधी बदललं, सगळं तारखेसह.

तिचा नवरा मल्लिनाथ अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात रंगमास्तर होता. तीस वर्षं रंगाच्या हौदांशेजारी काढलेली. रंगाची एक छटा इकडची तिकडे झाली तरी त्याला चालत नसे. मूल झालं नाही, पण दोघांनी त्याचं फार दुःख केलं नाही. घरात सत्तर कुंड्या होत्या आणि शुक्रवारी जेवायला मृणाल असायची.

मृणाल होटगीकर ही वैजयंतीची कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. वैजयंती पदवीवर थांबली, मृणाल पुढे शिकून शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत मोठ्या पदावर पोचली. तिने लग्न केलं नव्हतं. मल्लिनाथला ती भावजी म्हणायची आणि त्याच्या हातची शेंगाचटणी डबा भरून घेऊन जायची.

एका नोव्हेंबरात मृणालने एक झाड आणलं. फिलोडेंड्रॉनची नवी जात आहे, घरातल्या हवेत कशी वाढते ते बघायचंय, असं ती म्हणाली. बदामाच्या आकाराची गर्द पानं, महिन्याला एक नवं पान. एकच अट होती, झाड झोपायच्या खोलीत ठेवायचं. तिथली हवा रात्रभर एकसारखी राहते, असं कारण तिने दिलं. वैजयंतीला ते पटलं. तिने पूर्वेच्या खिडकीशी, पलंगापासून हातभर अंतरावर कुंडी ठेवली. त्या खिडकीला मल्लिनाथने टॉवेलच्या काठावरची कोयरी नमुन्याला देऊन लोखंडी जाळी करून घेतली होती.

मृणाल दर महिन्याला नव्या पानाचा फोटो काढी, कात्रीने पानाचा नखाएवढा तुकडा कापून बाटलीत घाली आणि मग तिघं जेवायला बसत. सहा पानं निर्मळ आली. सातवं जूनमध्ये उलगडलं तेव्हा त्याच्या मधल्या शिरेजवळ एक लालसर वलय होतं.

वैजयंतीने ते मल्लिनाथला दाखवलं. त्याने चष्मा लावून, पान उजेडात धरून बघितलं.

“विटकरी नाही हा,” तो म्हणाला. “मंजिष्ठा आहे. असा रंग आम्हाला हौदातसुद्धा साधत नाही.”

मृणाल आली तेव्हा वैजयंतीने तिलाही विचारलं, हे कशाने? मृणाल पानावर बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, “तुझ्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, वैजू. पाणी बदलून बघ.”

दुसऱ्यांच्या झाडांचं दुखणं ओळखणाऱ्या वैजयंतीला हे लागलं. क्षारांचे डाग पानाच्या कडेला येतात, शिरेजवळ नाही, हे तिला माहीत होतं. पण जात नवी होती आणि सांगणारी मृणाल होती. तिने त्या एका झाडासाठी गाळलेलं पाणी आणायला सुरुवात केली. दर आठवड्याला पाच लिटरचा कॅन, चार गल्ल्या पलीकडून. जुलैच्या पानावरही वलय आलं. जुलैअखेर मल्लिनाथ निवृत्त झाला, मग कॅन तोच आणू लागला. ऑगस्टच्या पानावर दोन वलयं होती, सप्टेंबरच्या पानावर तीन. दिवाळीनंतर पान अर्धं लाल येऊ लागलं. प्रत्येक वेळी मृणाल म्हणायची, मातीत साठलेले क्षार इतक्या लवकर निघत नाहीत.

जानेवारीत मल्लिनाथच्या पोटात आणि पाठीत दुखू लागलं. फेब्रुवारीत निदान झालं, स्वादुपिंडाचा कर्करोग. डॉक्टर शांतपणे बोलले. सहा-सात महिने आधी कळतं तर शस्त्रक्रिया करता आली असती, ह्या आजाराचं हेच वाईट, म्हणाले, आधी तो काही कळू देत नाही. मृणाल त्या दिवशी दवाखान्यात बरोबर होती. ती भिंतीकडे तोंड करून रडली आणि वैजयंतीनेच तिच्या पाठीवर हात ठेवला.

मल्लिनाथ मे महिन्यात गेला. जूनमध्ये झाडाचं नवं पान उलगडलं ते पूर्ण हिरवं होतं, एकही डाग नसलेलं. दुःखातसुद्धा वैजयंतीला बरं वाटलं. तिने मृणालला फोन करून सांगितलं की शेवटी पाणी लागू पडलं, ते असते तर खूश झाले असते. पलीकडे मृणाल इतका वेळ गप्प राहिली, की फोन कट झाला असं वैजयंतीला वाटलं. त्यानंतर मृणालचं येणं कमी झालं. काम वाढलंय, म्हणायची.

दोन वर्षांनी संस्थेकडून वैजयंतीला बोलावणं आलं. संस्थेने एक झाड तयार केलं होतं, श्वासपर्णी नावाचं. सरकारची मंजुरी मिळाली की ते घराघरांत द्यायचं होतं. त्याआधी, घरातल्या झाडांची निगा जाणणाऱ्या वीस जणांना शिकवून ठेवायचं होतं. बोलावणं प्रशिक्षण विभागाचं होतं, मृणालचं नव्हतं.

पहिल्या सकाळी विभागातल्या बाईंनी झाडाची माहिती सांगितली. माणसाच्या शरीरात कर्करोगासारखा आजार सुरू झाला की रक्तात काही वेगळी रसायनं तयार होतात. त्यांतली हलकी असतात ती श्वासावाटे हवेत येतात, अब्जात एखादा कण एवढीच. यंत्राला ती पकडता येतात, पण त्यासाठी माणसाने यंत्रापर्यंत जायला हवं, आणि काही दुखत नसताना कोण जातं? झाड मात्र घरातच असतं. झोपलेल्या माणसाच्या जवळ, बंद खोलीत, ते रोज सात-आठ तास त्याचा श्वास घेतं. श्वासपर्णीच्या पेशींत असा एक बदल केला होता, की ठरावीक रसायनं पोचली तर कोवळ्या पानात लाल रंग तयार व्हावा. पान महिनाभर गुंडाळलेलं असतं. त्या महिन्यात जे त्याच्यात मुरलं, ते उलगडल्यावर दिसतं.

मग पडद्यावर फोटो आला. शिरेजवळ एक लालसर वलय असलेलं पान. खाली लिहिलं होतं, ‘घर क्र. ४१. पहिलं वलय. १४ जून.’ पानामागे खिडकी होती आणि खिडकीच्या जाळीला लोखंडी कोयऱ्या होत्या.

वैजयंतीने तो फोटो पुन्हा दाखवायला सांगितला. बाईंनी दाखवला. ह्या घरातल्या रुग्णाचं काय झालं, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, चाचणीतल्या माणसांची माहिती आम्हाला दिलेली नाही, पण आठ महिन्यांनी निदान झालं आणि झाड खरं ठरलं. साठ घरांतला हा सगळ्यांत स्पष्ट पुरावा आहे. वैजयंतीने पर्स उचलली आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

मृणाल खोलीत एकटी होती. वैजयंतीला दारात बघताच तिला कळलं. तिने उठून दार लावून घेतलं.

तिने काही लपवलं नाही. श्वासपर्णी तिनेच शोधली होती आणि चाचणीही तिचीच होती. साठ घरांत झाडं ठेवली होती, शोभेची म्हणून. झाड आपल्यावर नजर ठेवून आहे हे कळलं, की माणसं घाबरून झाड हलवतात, खिडक्या उघडतात, आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. कागदोपत्री ही फक्त झाडाची चाचणी होती, माणसांची नव्हती. ओळखीची घरं निवडली, कारण तिथे दर महिन्याला जाता येतं. जूनमध्ये वलय दिसलं तेव्हा तिला वाटलं, भावजींच्या कपड्यांतून, केसांतून रंगाच्या वाफा येत असतील आणि झाड फसत असेल. खात्री नसताना कर्करोगाचं नाव कसं काढायचं? म्हणून तिने दुसऱ्या पानाची वाट बघितली, मग तिसऱ्या. नंतर सांगायचं तर इतके दिवस आपण का गप्प राहिलो, हेही सांगावं लागलं असतं.

“आणि ते कुणाचं होतं हेही मला ठाऊक नव्हतं,” मृणाल म्हणाली. “खोलीत तुम्ही दोघं झोपत होतात.”

वैजयंतीला हे समजायला थोडा वेळ लागला. “म्हणजे ते माझंही असू शकलं असतं.”

“हो.”

“आणि तू मला पाणी बदलायला सांगितलंस.”

मृणालने उरलेलंही सांगून टाकलं. मंजुरीसाठी आता साठही घरांची लेखी संमती लागणार होती, मागाहून घेतलेली. एकोणसाठ मिळाल्या होत्या. वैजयंतीकडे यायचं धाडस तिला होत नव्हतं. त्या पुराव्यामुळे मंजुरी वर्ष-दीड वर्ष लवकर मिळाली असती आणि तेवढ्या काळात कितीतरी माणसं वाचली असती.

वैजयंती खुर्चीवर बसली. मल्लिनाथने काय केलं असतं हे तिला माहीत होतं. तो सही करून मोकळा झाला असता.

“सही करते,” ती म्हणाली. “पण तुझ्या अहवालात लिही, तुला कोणत्या तारखेला दिसलं आणि तू आम्हाला काय सांगितलंस. क्षार, पाणी, सगळं.”

“मग मी संपले, वैजू.”

वैजयंती जायला उठली. मृणालने आठ दिवस मागितले.

नवव्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. खाली मृणालची सही होती. घर क्रमांक एक्केचाळीस चाचणीतून वगळण्यात आलं आहे, सबब आपल्या संमतीची आवश्यकता नाही. कारण दिलं होतं, ‘घरातील व्यक्तीच्या व्यवसायामुळे रासायनिक वाफा, नोंदी अविश्वसनीय.’

ते पत्र वैजयंतीने उभ्या उभ्याच वाचलं. मृणालने खोटं सांगितलं, ती घाबरली, हे तिने आठ दिवसांत कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येईना. मल्लिनाथचं मरण बिनकामाचं ठरवून बाजूला टाकलं होतं आणि दोष त्याच्याच हातच्या रंगावर घातला होता. ती खोलीत गेली. आपण त्या आठ महिन्यांतले शुक्रवार पुन्हा आठवतोय, हे तिच्या लक्षात आलं. गणपतीतल्या एका शुक्रवारी मल्लिनाथला भूक नव्हती, तेव्हा त्याच्या ताटातली पोळी मृणालने उचलून खाल्ली होती आणि तिघंही हसली होती. तेव्हा मृणालला ठाऊक होतं. मल्लिनाथचं हसणं तेवढं वेगळं काढून ठेवता येईना. प्रत्येक आठवणीत मृणाल होती आणि तिला सगळं माहीत होतं.

संस्थेवर देखरेख ठेवणारी एक नीतिसमिती पुण्यात होती. वैजयंतीने वकील केला नाही. तिने वहीच्या त्या पानांच्या नकला काढल्या आणि सोबत साध्या मराठीत चार परिच्छेद लिहिले. नवरा एकतीस जुलैला निवृत्त झाला आणि त्यानंतर एकदाही कारखान्यात गेला नाही. रंगाच्या वाफांचा दोष असता तर ऑगस्टपासून वलयं फिकी व्हायला हवी होती, ती दुप्पट झाली. तो मे महिन्यात गेला आणि जूनचं पान निर्मळ आलं. त्याचे कारखान्यातले कपडे आजही त्याच खोलीतल्या कपाटात टांगलेले आहेत. झाड फसलेलं नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, की ही नोंद पुसू नये, माझी संमती आहे, आणि घराला नंबर देऊ नये, माझ्या नवऱ्याचं नाव द्यावं.

सुनावणी ऑक्टोबरात झाली. वैजयंती भांडायच्या तयारीने गेली होती. मृणाल वाफांचंच पालुपद लावेल, असं तिने धरलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, वाफांचं कारण टिकत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?

मृणाल उभी राहिली. “ऑगस्टमध्ये,” ती म्हणाली. “तेव्हा सांगितलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं.”

वैजयंतीने तयार केलेलं सगळं तिच्या हातातच राहिलं.

बाहेर जिन्यात मृणाल तिची वाट बघत होती. दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. मृणाल तर दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. वैजयंती एवढंच विचारायला थांबली, की दर शुक्रवारी त्याच्यासमोर बसताना तुला काही वाटत नव्हतं का?

“वाटायचं,” मृणाल म्हणाली. “पानाचा तुकडा न्यायला मी कुणालाही पाठवू शकले असते. ते बरे दिसतायत ना, एवढं बघायला मी येत होते.”

हे खरं होतं, हे वैजयंतीला कळलं. त्यामुळे राग गेला नाही, उलट त्याला कुठे ठेवावं ते कळेना. तिने जिन्याच्या कठड्यावरचा हात काढला आणि ती खाली उतरली. एसटीत बसल्यावर तिला आठवलं, की मृणालच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती पाय ओढत चालत होती. तिने ते मनातून काढून टाकलं.

मृणालला चाचणीवरून आणि पदावरून दूर केलं. तिने निवृत्ती घेतली. मंजुरी लांबली, पण मिळाली, आणि तिच्यासोबत दोन नियम आले. घरातल्या प्रत्येकाला झाड काय करतं हे आधी सांगायचं, आणि पानावर काही दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. मल्लिनाथ बिराजदार हे नाव अहवालात छापलं गेलं, पान सदतीसवर.

वैजयंतीने ते काम घेतलं. श्वासपर्णी कुठल्या खोलीत जगेल हे बघायचं, आणि कुंडी ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगायचं. काहींना ते नको असे. कळून काय करू, असं एका आजोबांनी विचारलं. तिने वाद घातला नाही, झाड उचललं आणि परत आणलं. ज्यांना हवं असे त्यांना ती निगा समजावून देई, आणि आपला फोन नंबर कुंडीवर चिकटवून येई. तिने पहिल्या वर्षी दोनशे झाडं ठेवली. त्यांतल्या सात घरांतून तिला वलयासाठी फोन आले. सातही वेळा ती तासाभरात तिथे होती.

विजापूर रस्त्यावरच्या कौसर बागवानचा फोन पुन्हा मार्चमध्ये आला. डिसेंबरात तिच्याकडच्या पानावर वलय दिसलं होतं. नवऱ्याचं, सलीमभाईंचं, दुखणं तपासणीत पक्कं झालं आणि जानेवारीत ऑपरेशन. आता सगळे अहवाल चांगले आले होते आणि डॉक्टरांनी त्यांना फळांच्या गाडीवर बसायची परवानगी दिली होती. कौसर बोलताना मधेच रडत होती, मधेच हसत होती. वैजयंतीने तिला सगळं बोलू दिलं.

“ताई, हे झाड कुणी शोधलं?” कौसरने विचारलं. “त्यांच्या घरी पण पेढे द्यायचेत. सलीम म्हणतात, आधी त्यांना.”

संस्थेने शोधलं, असं वैजयंतीला सांगता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं.

“डॉक्टर मृणाल होटगीकर,” ती म्हणाली, आणि तिने पत्ता सांगितला. कौसरने तो सावकाश लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला.

“तुमच्या ओळखीच्या आहेत?”

“हो. कॉलेजपासून.”

“मग तुम्ही पण चला ना आमच्यासंगं.”

“नको. तुम्ही दोघं जाऊन या,” वैजयंती म्हणाली. “पाचनंतर जा. तेव्हा ती चहाला उठलेली असते.”